गठाण नव्हे, उडती रुई

गेल्या हिवाळ्यात अमरावतीत ज्येष्ठ नागरिकांच्या एका मेळाव्यात मी मागच्या रांगेत बसलो होतो. विषय विसराळूपणा. वक्ते चांगले बोलले. हसवलं, मधूनच वऱ्हाडीत उतरले, आणि तास संपत आला तसा त्यांनी बार उडवला. "मेंदूत प्रथिनाच्या गाठी होतात अन् त्यानं अल्झायमर होतो, हे सारं लफडं होतं बाप्पा! अमेरिकेत उघडं पडलं. छापलेला निबंध परत घ्यावा लागला. इतकी वर्षं जगाले उल्लू बनवलं." टाळ्या पडल्या. मग ओळीनं तीन निष्कर्ष आले. विसरणं म्हणजे वय झालं, दुसरं काही नाही. हा शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा रोग आहे, "वावरात राबणाऱ्या आपल्या बुढ्याइले कधी झाला होता काय?" तिसरा निष्कर्ष दाराजवळच्या टेबलावर मांडलेला होता: हळदीच्या अर्काची बाटली, नऊशे रुपये.

मी उठून बोलायला हवं होतं. उठलो नाही. चहा घेतला, आणि शेजारच्या गृहस्थांनी दोन बाटल्या पिशवीत टाकल्या ते पाहत राहिलो. चौतीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलेल्या माणसाला हे शोभलं नाही. तेव्हा तिथं गिळलेलं इथं लिहितो.

वक्त्यांच्या पदरात जे खरं पडतं ते आधी देऊन टाकू. २००६ साली 'नेचर'मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या एका गटाचा निबंध आला. अमिलॉइड-बीटा नावाच्या प्रथिनाच्या तुकड्यांचा एक विशिष्ट पुंजका, 'अमिलॉइड-बीटा स्टार ५६', उंदरांची स्मृती बिघडवतो असा त्यात दावा होता. २०२२च्या जुलैत 'सायन्स'नं त्यातल्या चित्रांत फेरफार केल्याचा संशय पुराव्यांसह छापला, आणि जून २०२४ मध्ये निबंध मागे घेतला गेला. हे लाजिरवाणं आहेच. वक्त्यांना ठाऊक नसावी अशी भरही मी घालतो. त्याच वर्षी पार्किन्सनच्या प्रथिनावर काम करणाऱ्या एका बड्या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या ढीगभर निबंधांतली चित्रं संशयात सापडली. त्याआधी, २०२१ मध्ये, ॲड्युकॅनुमॅब नावाचं अल्झायमरचं औषध सल्लागार समितीच्या विरोधाला न जुमानता अमेरिकेत मंजूर झालं आणि तीनच वर्षांत कंपनीनं ते गुंडाळलं. या क्षेत्रात पैसा, घाई आणि गर्व यांनी पुष्कळ घाण केली आहे. ती झाकणारा मी कोण?

पण तलाठ्यानं एका गटाचा फेरफार खोटा केला म्हणून अख्ख्या शिवाराचे सातबारे रद्द होत नाहीत. कोणता गट, कोणता खातेदार, हे बघावं लागतं. खोटा निघाला तो एका पुंजक्याबद्दलचा दावा. इतर प्रयोगशाळांनी तो पुंजका शोधला होता आणि काहींना तो सापडलाच नव्हता. त्यांनी निबंध मागे घेण्याच्या पुष्कळ आधी तसं बोलूनही दाखवलं होतं. प्रथिनांचे छोटे विरघळणारे पुंजके चेतापेशींना बाधतात हा विचार मात्र त्या निबंधातून जन्मलेला नाही. अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका गटानं तो १९९८ सालीच स्पष्ट मांडला होता. आठ वर्षं आधी मांडलेली गोष्ट नंतरच्या खोट्या कागदावर कशी उभी असेल? वक्त्यांनी तारखा पाहिल्या असत्या तर हा प्रश्न त्यांनाही पडला असता.

आता मुळाशी जाऊ, कारण गल्लत तिथं आहे. 'गाठी' हा एकच शब्द वक्ते तीन वेगळ्या गोष्टींना वापरत होते.

माझी आत्या अकोल्याची. आतोबा कापसाच्या एका जिनात दिवाणजी होते. लहानपणी सुट्टीत मी तिथं जायचो. आवारात गठाणी रचलेल्या असत, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेल्या, दीडशे-पावणेदोनशे किलोच्या. त्यांवर आम्ही पोरं चढायचो, दुपारी झोपायचोही. गठाणीनं कधी कुणाचं काही बिघडवलं नाही. आत मशीनजवळची गोष्ट वेगळी. तिथं रुई उडत असे. कामगारांच्या भुवयांवर, नाकात, दिव्याच्या काचेवर, भाकरीच्या फडक्यात. जिनात बरीच वर्षं काढलेल्यांचा खोकला लांबून ओळखू यायचा. कापूस तोच, पण गठाणीतला निजलेला आणि हवेतला फुप्फुसात जाणारा.

अल्झायमरच्या मेंदूत हाच प्रकार तीन अवस्थांत असतो. अमिलॉइड-बीटाचा सुटा रेणू, सुमारे चाळीस-बेचाळीस अमिनो आम्लांचा, हा एकेरी धागा. तो निरोगी मेंदूतही असतो. त्याचे लांब तंतू होऊन त्यांचे थर बसतात त्यांना प्लाक म्हणतात; ही गठाण. मधल्या अवस्थेत दोन-चार, दहा-वीस रेणूंचे अस्थिर, पाण्यात तरंगणारे पुंजके असतात, त्यांना ऑलिगोमर म्हणतात; ही उडती रुई. ऑगस्टे डेटर या बाईच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली धरून अलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली ट्युबिंगनला व्याख्यान दिलं तेव्हा त्यांना गठाणी दिसल्या. दिसण्याजोग्या त्याच होत्या. पुढची कित्येक दशकं सगळे गठाणी मोजत बसले. १९९१ मध्ये रॉबर्ट टेरी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की रुग्णाची बुद्धी किती ढासळली याचा मेळ प्लाकच्या संख्येशी फारसा बसत नाही. तो बसतो चेतापेशींचे सांधे किती तुटले याच्याशी. वक्ते हाच मुद्दा 'गाठी असूनही माणसं शहाणी राहतात' असा सांगत होते. बरोबर आहे. पण त्यानं गठाणीवरचा ठपका उतरतो, रुईवरचा उतरत नाही.

रुई करते काय? इथं पेशीचा पडदा येतो. आपल्याकडच्या आरोग्यविषयक लेखांत याचं नावही नसतं, म्हणून इथं जरा थांबतो.

बारावीच्या पोरांना मी दरवर्षी एक प्रयोग दाखवायचो. बीट आणायचं, सारख्या जाडीच्या चकत्या करायच्या आणि कापताना फुटलेल्या पेशींचा रंग निघून जाईपर्यंत त्या नळाखाली धुवायच्या. मग दोन पेले. एकात साधं पाणी, दुसऱ्यात पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार-पाच थेंब. दोन्हीत एकेक चकती सोडायची आणि हजेरी घ्यायची. हजेरी संपते तोवर साध्या पाण्याला जेमतेम गुलाबी छटा, आणि साबणाचा पेला लालभडक. मग चकती काढून पोरांच्या हातात द्यायची. चकती अख्खी. कुठं चीर नाही, भोक नाही, कोपरा तुटलेला नाही. "सर, मंग रंग आला कुठून?" हा प्रश्न दरवर्षी यायचा, आणि मी त्याचीच वाट पाहत असे.

प्रत्येक पेशीभोवती मेदाच्या रेणूंचा दुपदरी पडदा असतो. जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्श्याच्याही निम्मी. बीटात तो रंग आत धरून ठेवतो. मेंदूच्या पेशीत तो याहून अवघड राखण करतो: पेशीबाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा जवळजवळ दहा हजार पट असतं, ते तो बाहेर थोपवतो. चेतापेशीचा सगळा व्यवहार या फरकावर चालतो. क्षणभर दार उघडायचं, चिमूटभर कॅल्शियम आत घ्यायचं, संदेश पोचवायचा, दार लावायचं. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के असलेला मेंदू शरीराची पाचवा हिस्सा ऊर्जा खातो, त्यातली मोठी रक्कम या पडद्याच्या अलीकडचं अलीकडे आणि पलीकडचं पलीकडे ठेवण्यातच जाते. पडदा जरा पाझरू लागला की पेशी लगेच मरत नाही. ती उपसा करत राहते, थकते, सांधे सोडून देते, आणि मग मरते. अख्ख्या दिसणाऱ्या चकतीतून रंग जातो तसं माणसातून आधी नावं जातात, मग रस्ते.

छोटे पुंजके हा पडदा बिघडवतात याचा पुरावा एकाच ठिकाणचा असता तर मीही कान टवकारले असते. तसं नाही. १९९३ मध्ये अरिस्पे, पोलार्ड आणि रोजास यांनी कृत्रिम मेदपडद्यात अमिलॉइड-बीटा घातलं आणि त्यातून कॅल्शियम जाऊ लागल्याचं मोजलं. दोन वर्षांनी जपानी गटानं अल्झायमरच्या मेंदूतून जीएम-१ या पडद्यातल्या मेदाला बिलगलेलं अमिलॉइड-बीटा वेगळं काढलं. २००२ चा प्रयोग मला सगळ्यांत दणकट वाटतो. फ्लॉरेन्स आणि केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी अल्झायमरशी, किंबहुना कुठल्याच रोगाशी ज्यांचा संबंध नाही अशी प्रथिनं घेतली. त्यांतलं एक तर आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूचं. मुद्दाम त्यांच्या घड्या बिघडवून छोटे पुंजके बनवले आणि पेशींवर टाकले. पेशी मेल्या. त्याच प्रथिनांचे पूर्ण वाढलेले तंतू टाकले तर फारसं काही झालं नाही. म्हणजे घातकपणा प्रथिनाच्या जातकुळीत नाही, त्या अर्धवट अवस्थेत आहे. या प्रयोगात कुणी अल्झायमरचं औषध विकत नव्हतं, आणि मिनेसोटाचा निबंध लिहिला जायला अजून चार वर्षं होती.

विलायतेचं नको असेल तर घरचं घ्या. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुदिप्त मैती आणि पी. के. मधू यांच्या गटांनी वर्षानुवर्षं याच पुंजक्यांचा पाठलाग केला. हे काम चिवट आहे. पुंजके टिकत नाहीत. मोजायला बसावं तोवर त्यांचे तंतू झालेले असतात. त्यांच्या कामातून दिसलं की सुटा रेणू पडद्याला सहसा चिकटत नाही. काही रेणू एकत्र येऊन त्यांची घडी बदलली की ते चिकटू लागतात. २०१५ मध्ये त्यांनी चांदीच्या सूक्ष्म कणांवर मेदाचा पडदा चढवला, त्यावर पुंजके बसवले आणि प्रकाशाच्या साह्यानं त्यांची ठेवण वाचली. ती तंतूसारखी नव्हती. जिवाणूंच्या आवरणात आरपार छिद्रं ठेवणारी जी प्रथिनं असतात, त्यांच्या ठेवणीकडे ती झुकत होती. पवईला आयआयटी मुंबईत समीर माजी यांच्या गटानं २०२० साली दाखवलं की पार्किन्सनचं अल्फा-सिन्युक्लीन आधी तेलाच्या थेंबासारखे द्रव थेंब करतं, ते आळतात, आणि त्यांतून तंतू निघतात. याच माजी यांनी २००९ मध्ये परदेशी सहकाऱ्यांसोबत दाखवलं होतं की आपली पियुषिका ग्रंथी कित्येक संप्रेरकं अमिलॉइडच्याच रूपात साठवून ठेवते. शरीर स्वतः गठाणी बांधून गोदामात ठेवतं! गठाण हेच विष असतं तर आपण सगळेच पाळण्यात गेलो असतो.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. पुंजके पडदा नेमका कसा बिघडवतात यावर शास्त्रज्ञांत जुंपलेली आहे. काही म्हणतात, सरळ भोक पडतं, नळी घातल्यासारखं. कायेद आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडलं की भोक नाही, पडदाच पातळ होतो आणि सगळीकडून पाझरतो. काहींच्या मते पुंजके साबणासारखे मेदाचे रेणू ओरबाडून नेतात. मधे हेही निघालं की जुन्या काही प्रयोगांत प्रथिन विरघळवायला वापरलेल्या द्रावकाचा अंश उरला होता आणि पडद्याला भोकं त्यानंच पाडली होती. माझं मत विचाराल तर एकच यंत्रणा शोधण्याचा हट्ट सोडावा. वेगवेगळ्या आकाराचे पुंजके वेगवेगळ्या पडद्यांवर वेगवेगळं करत असणार. पण भांडण 'घरात चोर शिरला कसा' यावर आहे. वक्त्यांनी त्यातून 'चोरी झालीच नाही' असा अर्थ काढला.

जनुकांची साक्ष तर चित्रांत फेरफार करून मिळत नाही. अमिलॉइड-बीटा ज्या मोठ्या प्रथिनातून कापलं जातं त्याचं जनुक २१ व्या गुणसूत्रावर आहे. डाऊन सिंड्रोममध्ये हे गुणसूत्र तीन प्रतींत असतं, आणि चाळिशीपर्यंत अशा जवळजवळ सगळ्यांच्या मेंदूत प्लाक असतात. उलट, २०१२ साली आइसलंडमध्ये त्याच जनुकातला एक दुर्मीळ बदल सापडला. त्यानं अमिलॉइड-बीटा कमी बनतं, आणि तो ज्यांच्यात असतो त्यांना म्हातारपणी अल्झायमर क्वचितच होतो. यात पडद्याचा धागा पुन्हा सापडतो: त्या मोठ्या प्रथिनाचा शेवटचा काप पेशीच्या पडद्याच्या आतच पडतो. उतारवयातल्या अल्झायमरचा सर्वांत मोठा आनुवंशिक धोका, अपोई-४, हे मेदाची वाहतूक करणाऱ्या प्रथिनाचं रूप आहे. पार्किन्सनमध्ये ज्या जीबीए जनुकातला दोष वारंवार आढळतो, तेही पडद्यातले मेद मोडणारं विकर बनवतं. आणि १९१२ पासून ठाऊक असलेल्या, प्रथिनांचे गोळे मानल्या गेलेल्या पार्किन्सनच्या लेवी गोळ्यांत प्रत्यक्षात काय असतं, हे २०१९ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं पाहिलं तेव्हा बहुतेकांत पडद्यांचे फाटके तुकडे, पुटिका आणि मोडक्या सूत्रकणिकांची खच्चून गर्दी निघाली. आपण प्रथिनाची गाठ म्हणत होतो, ती निम्मी पडद्याच्या चिंध्यांची गाठोडी होती.

दुसरा निष्कर्ष, खेड्यातल्या माणसाला हे होत नाही. देशभर साठीपुढच्यांची तपासणी करून २०२३ साली छापलेला अंदाज सांगतो की भारतात या वयाच्या शंभरांत सात-आठ जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना, स्मृतिभ्रंश आहे. प्रमाण शहरापेक्षा गावात जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. वावरात राबणाऱ्या बुढ्याला तो होत होता. आपण त्याला 'चळला' म्हणत होतो आणि ओसरीवरच्या खाटेवर बसवत होतो.

वावराचा विषय वक्त्यांनीच काढला, तर फवारणीचंही बोलू. शेजारच्या यवतमाळात २०१७ मध्ये फवारणी करताना विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, ते साऱ्या देशानं पाहिलं. ते विष तासा-दिवसांत मारणारं होतं. हळू मारणारंही असतं. रोटेनोन हे कीटकनाशक दिलेल्या उंदरांत पार्किन्सनसारखे कंप आणि अल्फा-सिन्युक्लीनचे गोळे तयार होतात, हे २००० साली दिसलं. पुढच्याच वर्षी परीक्षानळीत काही कीटकनाशकं आणि तणनाशकं हे प्रथिन लवकर गोठवतात असं आढळलं. २०११ च्या अमेरिकी अभ्यासात पॅराक्वाट किंवा रोटेनोन हाताळणाऱ्यांत पार्किन्सनचं प्रमाण सुमारे अडीचपट निघालं. फ्रान्सनं २०१२ मध्ये शेतकऱ्यांच्या पार्किन्सनला व्यवसायजन्य आजार मानलं. पॅराक्वाट आपल्याकडे तणावर सर्रास मारतात, बहुधा चपला घालून आणि तोंडाला दुपट्टा बांधून. प्रत्येक थरथरता हात फवारणीमुळे, असं मी म्हणत नाही, बहुतेकांचा नसतोच. पण कष्टानं हा रोग टळतो हे शेतकऱ्यांच्याच सभेत सांगणं म्हणजे त्यांना हातमोजे काढून ठेवायला सांगण्यासारखं आहे.

मग 'वय झालं'. हे बोलायला सोपं आणि घरच्यांना सोयीचं. आत्या भाकरी गादीखाली ठेवू लागली, आतोबा जाऊन दहा वर्षं झाल्यावर "सरकी तोलली काय रे?" असं संध्याकाळी दारात उभी राहून विचारू लागली, तेव्हा आम्हीही हेच म्हणालो. चार वर्षं म्हणालो. मी, ज्यानं शेकडो पोरांना बीट दाखवलं, तोही. याच अमरावतीत शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये कुष्ठरोग्यांसाठी तपोवन उभं केलं, तेव्हा कुष्ठरोगाला लोक पूर्वजन्मीचं पाप म्हणत. तोही चेतातंतूंचा आजार. त्याचा जंतू सापडून सत्तर वर्षं होऊन गेली होती, तरी पापाचा हिशेब चालूच होता. पापाच्या जागी वय आलं, एवढाच फरक झाला आहे. दार लावून घ्यायला दोन्ही सारखेच उपयोगी.

राहिली बाटली. हळदीशी माझं वैर नाही, आमच्याकडे भाजीपासून जखमेपर्यंत तीच. पण हळदीतलं करक्युमिन परीक्षानळीत अमिलॉइडला थोपवतं म्हणून ज्या जाहिराती चालतात, त्यांतली एक गंमत सांगतो. २०१४ मध्ये करक्युमिनसारखी काही नावाजलेली वनस्पतिद्रव्यं तपासली, तर ती स्वतःच मेदाच्या पडद्यात घुसून त्याचे गुणधर्म बदलतात आणि त्यामुळे त्यातली कितीतरी प्रथिनं एकदम वेगळी वागू लागतात असं दिसलं. परीक्षानळीत 'सगळ्यांवर गुणकारी' दिसायचं हे एक कारण. माणसात ते आतड्यातून फारसं शोषलंच जात नाही. अल्झायमरच्या ३६ रुग्णांवर चोवीस आठवडे चाचणी झाली, २०१२ साली निकाल आला: फरक नाही. २०१८ मध्ये लॉस एंजेलिसच्या ४० जणांत, मुद्दाम जास्त शोषला जाईल असा अर्क देऊन, स्मरणात थोडी सुधारणा दिसली. पण ती माणसं स्मृतिभ्रंशाची रुग्ण नव्हती, आणि ४० म्हणजे एका एसटीतले प्रवासी. परंपरेचा आधार घ्यायचाच तर खाजकुयलीचा घ्या. कंपवातावर तिचं बी आयुर्वेदात जुनं आहे, त्यात खरोखर लेव्होडोपा हे पार्किन्सनवरचं औषध असतं, आणि मुंबईत अशोक वैद्य यांच्या गटानं १९७८ मध्येच ते रुग्णांवर तपासून छापलं. तपासलं, मोजलं, छापलं. बाटलीवाल्यांनी तेवढं केलं तर पुढच्या मेळाव्यात टेबल मी उचलून आणीन.

आणि नवी विलायती औषधं? त्यांची तळी मी उचलत नाही. लेकॅनेमॅब २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते गठाणीपेक्षा वाढत्या पुंजक्यांना धरण्यासाठी घडवलेलं आहे, आणि सुमारे अठराशे रुग्णांच्या चाचणीत दीड वर्षात घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. ऐकायला भारी. मोजमापाच्या १८ गुणांवर तो फरक अर्ध्या गुणाचाही नाही, ०.४५. दर आठांत एकाच्या मेंदूला स्कॅनमध्ये सूज दिसली. बहुतेकांना त्रास झाला नाही, काहींना गंभीर झाला. घरात आज कुणाला हे द्यावं का असं विचारलं तर मी नको म्हणेन. तरीही पुंजके आणि गठाणी हटवल्यावर घसरण मंदावते, थोडी का होईना, हा पुरावा सिद्धांत मेल्याचा नाही. फरक लहान का, याचंही एक उत्तर जिनाच्या आवारात आहे. गठाण अगदीच निरुपद्रवी नसते; तिच्या अंगावरूनही रुई सुटत राहते. अमिलॉइडचे तंतू आपल्या पृष्ठभागावर नवे पुंजके घडवतात, हे २०१३ मध्ये दाखवलं गेलं. स्मृतिभ्रंश दिसू लागतो तेव्हा ही रुई दहा-पंधरा वर्षं उडत आलेली असते, आणि फाटलेला पडदा औषध शिवून देत नाही.

म्हणूनच आधीची वर्षं महत्त्वाची. 'लान्सेट'च्या २०२४ च्या आयोगानं स्मृतिभ्रंशाची टाळता किंवा लांबवता येण्याजोगी चौदा कारणं मोजली: रक्तदाब, मधुमेह, बहिरेपण, डोळ्यांचा न झालेला इलाज, डोक्याला मार, रक्तातला वाईट मेद, शिक्षणाचा अभाव, आणखी काही. सगळी सांभाळली तर जवळपास ४५ टक्के रुग्ण टळतील किंवा लांबतील, असा अंदाज दिला. त्याशिवाय विसरण्याची काही कारणं चक्क बरी होणारी असतात: बी-१२ ची कमतरता, जी आपल्या शाकाहारी घरांत मुबलक आहे; मंदावलेलं थायरॉइड; मनाची उदासी; मोरीत पाय घसरून डोक्यात साकळलेलं रक्त. यांतलं काही आत्याला होतं का, हे आम्ही पहिल्या चार वर्षांत पाहिलंच नाही.

माझ्या शेजारच्या गृहस्थांनी त्या दिवशी दोन बाटल्यांचे अठराशे रुपये दिले. तेवढ्यात बी-१२ आणि थायरॉइड दोन्ही तपासून होतात, आणि घरी जायचे ऑटोचे पैसे उरतात.